घरी न परतलेल्यांचा दगड

युनूस, तू गेल्यावर तुझ्या चाळिसाव्याला शबनमनं मला बैठकीत अगदी समोर बसवलं. तुझे जालन्याचे साडू, मेहुणे, छावणीतली जुनी मंडळी, सगळी होती. दारात उभी राहून ती सगळ्यांना म्हणाली, "ये दत्ता चाचा. अब्बाके बचपनके दोस्त. अब्बाने आफ्रिकामें सिपाह्यांका जो पत्थर लगाया ना, उसपर इनोंच लिखे."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तुझ्या साडूंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. कुणीतरी म्हणालं, "बहोत बडा काम किये गुरुजी." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असेल. ती लाज होती.

त्या दगडावर माझा एक शब्द नाही, युनूस. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. तरी तू जाईपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिलास की मास्तरनं लिहिलं. पोरीलाही तेच सांगून गेलास. समोर नान-खलिया आला. तुझ्या घरचा नान-खलिया मी आजवर कधी सोडला नव्हता, त्या दिवशी ताट तसंच पुढं सारलं.

आपण दौलताबादच्या पलीकडच्या एकाच गावचे. एका शाळेत शिकलो, मग दोघांत एक सायकल करून शहरात कॉलेजला यायचो. चढ आला की तू उतरायचास, उतार आला की मी हँडल धरायचो आणि तू मागं बसून माझ्या कवितेच्या पाठांतरातल्या चुका काढायचास. पुढं मी मराठीचा मास्तर झालो, पुंडलिकनगरात घर बांधलं. तू छावणीत राहिलास. बांधकामावर सुपरवायझर झालास आणि पन्नाशीनंतर, लोक देश धरून बसतात त्या वयात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गोदामं बांधायला निघून गेलास.

तिथून तुझा तो पहिला फोन आला, तेव्हा मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा होतो. तुझा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मास्तर, इथं आपली माणसं पडल्यात रे."

कामावर जाताना तुला एक जुनं दफनभूमीचं आवार लागायचं. दर्शनी बाजूला गोऱ्या साहेबांच्या कबरी, पांढरे दगड, कापलेलं गवत. मागच्या बाजूला नुसतं रान. कंबरेएवढं गवत आणि त्यात चरणाऱ्या बकऱ्या. एकदा तू तिथल्या राखणदाराला विचारलंस, मागं काय आहे. तो म्हणाला, "वाहिंदी." हिंदी लोक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जहाजात भरून नेलेले आपल्याकडचे शिपाई. मुसलमान होते त्यांना पुरलं, हिंदू होते त्यांना जाळलं आणि राख तिथंच सोडली. ना दगड, ना नाव.

तू म्हणालास, "आपल्या गावातून दोघं गेले होते ना. ते ह्याच किनाऱ्यावर उतरले असणार."

दोघं म्हणजे तुझे परदादा रहीमखाँ आणि माझे पणजोबा महादू. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दोघं बरोबरच छावणीत भरती झाले, बरोबरच गेले. रहीमखाँ तिकडं तापानं वारल्याचा निरोप आला. महादूचा काहीच निरोप आला नाही. आमच्या घरात म्हणायचे, बेपत्ता झाला. माझी पणजी मरेपर्यंत कुंकू लावत होती.

मग तू कामाला लागलास. सुट्टीच्या दिवशी गवत काढायचास, पडलेली भिंत उचलायचास. परवानगी मिळायला किती खेटे घातलेस ते तुझं तुलाच माहीत. मी फोन करायचो तेव्हा तू कुठल्यातरी कचेरीच्या बाकावर बसलेला असायचास. तिथल्या दोन गुजराती दुकानदारांनी सिमेंट दिलं. दगड तिथलाच घेतलास, समुद्रातला, भोकाभोकांचा. चौथऱ्यासाठी तो चालला, अक्षरांसाठी मात्र तू शोधून एक काळी शिळा आणलीस. आपल्याकडच्या दगडासारखी दिसते म्हणून तिच्यावर फार खूश होतास. मोठं काही नव्हतंच. चौथरा, त्यावर उभी शिळा आणि बसायला एक कट्टा. कट्टा कशाला, असं मी विचारलं तर म्हणालास, "कोई आया तो बैठेगा नै क्या? उभ्यानंच निघून जाईल व्हय?"

शिळेवरचा मजकूर मी लिहायचा, असं तू मला सांगितलंस. मराठीत एक ओळ. तीच पुढं उर्दूत आणि तिथल्या भाषेत करायची.

मी केवढा फुगलो होतो! चार मसुदे केले. 'परभूमीवर देह ठेवणाऱ्या अमर वीरांना मानवंदना.' 'रणांगणी धारातीर्थी पडलेल्या शूर सुपुत्रांच्या पावन स्मृतीस.' तू फोनवर ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास,

"मास्तर, थोडं सोपं कर ना."

"अरे, दगडावरची भाषा आहे. भारदस्त नको का?"

"तो दगड आधीच लई भारी हाये. चार माणसं लागली उचलायला. शब्द तरी हलके दे."

मी चिडलो. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला हा बांधकामावरचा गडी भाषा शिकवतो, असं मनात आलं. मनात आलं ते तोंडावर आलं नाही, एवढंच बरं. पण तुला ते कळलं असणार. माझ्या मनात आलेलं तुला कळलं नाही असं कधी झालं होतं?

त्या वर्षी ईदला तू घरी आलास. दुपारी तुझ्या अंगणात बदामाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून आपण बसलो. भाभींनी शीरखुर्मा आणून ठेवला होता. मी पाचवा मसुदा वाचून दाखवला. तू वाटी खाली ठेवलीस.

"दत्ता," तू म्हणालास. मास्तर नाही, दत्ता. "वीर नको लिहू. शूर नको, धारातीर्थी नको."

"का पण?"

"मग महादू त्याच्यात बसत नाही."

मी हसलो. "महादू बेपत्ता आहे. तो कशाला बसतोय?"

तू मान हलवलीस. मग सगळं सांगितलंस. माझ्याकडं न बघता, झाडाच्या बुंध्याकडं बघत सांगितलंस.

महादू बेपत्ता झाला नव्हता. त्याच्या आजूबाजूची सगळी माणसं एका दिवसात मेली, तेव्हा त्यानं बंदूक खाली ठेवली आणि चालायला लागला. समुद्राच्या दिशेनं. शोधायला गेलेल्यांना तो पाण्यापाशी वाळूत बसलेला सापडला. गावाकडं जायचंय, एवढंच म्हणत होता. साहेबांनी त्याला पळपुटा ठरवलं आणि गोळी घालायचा हुकूम झाला. गोळी घालायला त्याच्याच पलटणीतली माणसं निवडली. त्यांत रहीमखाँ होता. त्यानं हात जोडले, हा माझ्या गावचा आहे, मला सोडा म्हणाला. सोडलं नाही.

"त्याच्यानंतर त्यानं खाणं सोडलं," तू म्हणालास. "लोक बोलते बुखारसे मरा. बुखार नव्हता तो. पलटणीतला एक जण जखमी होऊन परत आला होता, त्यानं आमच्या घरी येऊन सांगितलं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, दत्ता. पहिल्यापासून. तुमच्या पणजीला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. ती रस्त्यात दिसली, की आमच्या बाया दुसऱ्या गल्लीनं जायच्या. मला अब्बांनी सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तवापासून तुमच्या घरी जेवायला बसलो, की मेरेकू शरम आती थी."

कॉलेजात असल्यापासून, युनूस! म्हणजे त्या सायकलवर तू हे बरोबर घेऊन बसला होतास. माझ्या लग्नात वाढत होतास तेव्हाही. माझ्या आईनं तुझ्या ताटात पुरणपोळी टाकली, की तू खाली बघायचास. आम्हाला वाटायचं, पोरगं भिडस्त आहे.

त्या क्षणी मी तुझ्याकडं बघायला हवं होतं. एवढं ओझं वागवून शेवटी ते माझ्यासमोर उतरवून ठेवलेला माणूस कसा दिसतो, ते बघायला हवं होतं. पण मला दिसलं ते आमचं घर. पळपुट्याचं घर. शाळेतले सहकारी, गावातले भाऊबंद, पुंडलिकनगरातले शेजारी, माझी मुलं, सुना. कुणाकुणाला कळेल, याचाच हिशेब डोक्यात सुरू झाला.

"त्याचं नाव टाकू नको," मी म्हणालो.

"टाकणार. दोघांचं टाकणार."

"वीरांच्या दगडावर पळून गेलेल्याचं नाव? लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर वीर नको म्हणतोय." मग तू ती ओळ म्हणालास. सहज, चहा सांगावा तशी. "हे लोक समुद्र ओलांडून आले. घरी परत गेले नाहीत. बस. एवढंच लिहायचं. आता सांग, तुझा पणजा घरी आला का?"

मी उठलो. "नाव टाकलंस तर माझा-तुझा संबंध राहणार नाही," असं काहीतरी बोललो. खरं सांगतो, नक्की काय बोललो ते आठवतही नाही. भाभी दारात उभ्या होत्या, तेवढं आठवतं. शीरखुर्मा तसाच राहिला.

त्यानंतर आपण ह्या विषयावर कधीच बोललो नाही. भांडलोही नाही. तू परत गेलास, फोन सुरू राहिले. हवापाणी, गुडघेदुखी, शबनमचं लग्न. मी नवा मसुदा दिला नाही आणि तू मागितला नाहीस.

मग एक दिवस तुझा फोटो आला. काळी शिळा उभी राहिली होती. तिच्यावर तुझी ओळ, तीन लिप्यांत, आणि खाली थोडी नावं. जिल्ह्या-जिल्ह्यातल्या घरांना विचारून विचारून तू मिळवलेली. तिथल्या कारागिराला देवनागरी येत नव्हती. तू मोठ्या कागदावर एकेक अक्षर काढून दिलंस आणि तो छिन्नी चालवत असताना बोटानं रेघ दाखवत उभा राहिलास. तरी 'घरी' शब्दाची डोक्यावरची रेघ जराशी तुटली आणि 'धरी' झालं.

मी काय केलं, सांगू? फोटो मोठा करून आधी महादू शोधला. नव्हता. जीव भांड्यात पडला. मग तुला फोन केला आणि म्हणालो, "अरे, घ चा ध झालाय. शिळेवर अशुद्ध लेखन बरं दिसत नाही."

तू हसलास. "हौ मास्तर. करतो दुरुस्त."

एवढंच. समुद्रापलीकडं, तुझ्या वयाच्या माणसानं, कुणी सांगितलेलं नसताना आपल्या मेलेल्या माणसांसाठी दगड उभा केला. त्यावर तुझ्या सगळ्यात जुन्या दोस्तानं तुला शुद्धलेखन सांगितलं. पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो आला. घ ची रेघ तू स्वतः छिन्नी घेऊन जोडली होतीस.

तू कायमचा परत आलास तो आजार घेऊनच. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला आलो. तू उशीला टेकून बसला होतास, मनगटं बारीक झाली होती. भाभी पाणी आणायला आत गेल्या तेव्हा तू विचारलंस, "सच्ची बोल मास्तर, पत्थर कैसा हुआ?"

"छान झालाय," मी म्हणालो. "चांगला झालाय."

तू वाट पाहत होतास. मला कळत होतं. मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून तू माझ्या तोंडाकडं बघत होतास. मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, यंदा बदाम लई लागलेत. तेवढ्यात भाभी आल्या.

ती आपली शेवटची भेट.

चाळिसाव्याला जेवणं उरकली, पाहुणे उठले. मीही चप्पल शोधत होतो. शबनम मागून आली. "चाचा, एक बात पूछनी थी. तुमकूच मालूम होगी." तिच्या हातात फोन होता, त्यात त्या शिळेचा फोटो. "अब्बाने इसपे अपने परदादाका नाम कायकू नै डाले? मैंने दो-तीन बार पूछा. हर बार बोले, मास्तरकू पूछ."

मी चष्मा लावला. नावं वाचली. वरून खाली, मग खालून वर. रहीमखाँ नव्हता.

इतके महिने तो फोटो माझ्याजवळ होता, युनूस. मी फक्त महादू नाही ना, एवढंच पाहिलं होतं. तू गवत उपटलंस, कचेऱ्या झिजवल्यास, दगड उभा केलास, आणि त्यावर तुझ्याच माणसाचं नाव घातलं नाहीस. मी माझ्या माणसाला नको म्हणालो म्हणून. एका शब्दानं मला बोलला नाहीस. माझा शब्द पाळलास आणि त्याची किंमत तुझ्या घरातून दिलीस.

मी तिथंच, पायपुसण्याशेजारी, ओट्यावर बसलो. शबनम घाबरली. "चाचा, पानी लाऊं?" मी नको म्हणालो आणि तिला सांगितलं. सगळं. महादूचं, रहीमखाँचं, बदामाच्या झाडाखालचं. आणि हेही सांगितलं, की दगडावरची ओळ माझी नाही, तुझी आहे. ती दाराला टेकून ऐकत होती. भाभी कधी येऊन मागं उभ्या राहिल्या, मला कळलं नाही.

"मेरेकू मालूम था," भाभी म्हणाल्या. "तुम उठके गए थे ना ईदके दिन, तो रोए थे वो. बोले, उसकू तकलीफ हुई मेरी वजहसे." पदरानं डोळे पुसून त्या आत गेल्या. मला कुणी एक शब्द दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

शबनम थोड्या वेळानं म्हणाली, "नीचे जगह है, चाचा. दो नाम आते. वो कारीगरका नंबर है मेरे पास. लिखवाऊं?"

"लिहून घे," मी म्हणालो. "दोन्ही. एकाच ओळीत."

पण त्याआधी मला गावी जायचं होतं. थोरल्या भावाला सांगितल्याशिवाय हे करता येणार नव्हतं. तोही महादूचाच पणतू आहे, शिवाय गावात राहतो, लोकांची तोंडं त्यालाच बघायची आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दादा ओसरीवर बसून मक्याची कणसं सोलत होता. मी समोर बसलो आणि सोलता सोलता सांगत गेलो. वाटलं होतं, तो उसळेल. कशाला उकरतो म्हणेल. माझ्यासारखंच, लोक काय म्हणतील म्हणेल.

दादा कणसं सोलतच राहिला.

"पळाला व्हता म्हंतोस?"

"पळाला नाय. घरी यायला निघाला व्हता."

"समुद्रातनं?"

"व्हय."

दादानं हातातलं कणीस खाली ठेवलं. "आन् पणजी कुंकू लावत ऱ्हायली," तो म्हणाला. वहिनी आतून चहा घेऊन आली, आमची तोंडं बघून कप ठेवून परत गेली.

मग दादानं विचारलं, "त्येला मारलं तवा वळखीचं कुणी व्हतं का रं तिथं? का समदी परकीच?"

"व्हतं. युनूसचा परदादा व्हता, रहीमखाँ. त्याच्याच हातात बंदूक दिली व्हती."

आता मात्र मला भीती वाटली. गाव आहे, दिवस असे आहेत, कोण कुठल्या गोष्टीचं काय करील सांगता येत नाही. दादा माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या गालावरचे खुंट हलले.

"लई वाईट झालं बिचाऱ्याचं," तो म्हणाला.

"महादूचं?"

"त्येचं तर झालंच. म्या रहीमखाँचं म्हंतो."

युनूस, त्या दिवशी बदामाखाली तुला एवढंच ऐकायचं होतं.